टाकीची उघाडी

३ एप्रिल १९६१

आज आमचा बर्फाचा कारखाना तपासायला सरकारी इन्स्पेक्टर लाँचने मुंबईहून आले. आमचे मॅनेजर दिनानाथराव सकाळपासून इस्त्रीचा कोट घालून रेवसच्या धक्क्यावर उभे होते. साहेबांनी बर्फाच्या लाद्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ यंत्रघरात गेले आणि बर्फ गोठवायला लागणाऱ्या अमोनियाच्या टाकीसमोर उभे राहिले. मला वही घेऊन मागोमाग यायला सांगितलं होतं. आत डोळ्यांना झोंबत होतं. पदर नाकाला लावला तर लिहिता येईना, म्हणून तशीच उभी राहिले.

टाकीच्या डोक्यावर एक सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. आतला दाब फार वाढला की तो आपोआप उघडतो आणि अमोनिया नळीवाटे छपराच्या वर निघून जातो. त्याच्या खाली चाकाचा दुसरा व्हॉल्व्ह आहे, वरचा दुरुस्तीला काढावा लागला तर तेवढ्यापुरता. एरवी हा चाकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून त्याला कुलूप घालायचं, असा नियम आहे. तो बंद राहिला तर वरचा असून नसल्यासारखा. "मग ही टाकी राहत नाही, बॉम्ब होतो," साहेब म्हणाले. दिनानाथराव म्हणाले, "कुलूप आजच मागवतो."

जाताना साहेबांनी नियमांचा इंग्रजी कागद दिला आणि कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी लावायला सांगितली. राज्य आता मराठी झालंय, असंही म्हणाले. दिनानाथरावांनी कागद माझ्याकडे सरकवला. "म्हात्रेबाई, हे तुमचं काम."

टाइप करताना एखादा स्वल्पविराम राहिला तरी मी पान फाडून पुन्हा करते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नाही. ही नोकरीसुद्धा बुधाजीकाकांनी शब्द टाकला म्हणून मिळाली. काका त्याच टाकीसमोर आठ-आठ तास उभे असतात. इथे चूक करून चालायचं नाही.

४ एप्रिल

शब्दकोशात 'व्हॉल्व्ह'ला झडप दिलंय. 'सुरक्षा झडप' लिहून बघितलं आणि काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झडप तर घार घालते गो." 'दाबमोचक' म्हटल्यावर तर यंत्रघरातले सगळे हसले. इंजिनवाले अंबाजी म्हणाले, "कमळे, ह्यो नवरदेवाचा नाव हाय काय?"

उधाण अजून ओसरलेलं नाही. जेवताना बाबा अर्ध्या ताटावरून उठले. शेताच्या बांधाची उघाडी त्यांच्याकडे आहे. दर्या चढू लागला की फळ्या टाकून ती लावायची, उतरला की फळ्या काढून शेतातलं पाणी जाऊ द्यायचं. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आले आणि पुन्हा पाटावर बसले. आई म्हणाली, "भात गार झाला." बाबा म्हणाले, "उघाडी सांभाळायची का भात?"

तेव्हाच मला शब्द सापडला. उघाडी. आतलं जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. पावसाळ्यात ती नसती तर सगळं शेत तुंबून बांध फुटला असता. टाकीवरचा व्हॉल्व्ह दुसरं काय करतो? यंत्रघरातला प्रत्येक माणूस खारातला, मिठागरातला आहे. हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. शब्दकोश मिटून ठेवला. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

७ एप्रिल

माझा मजकूर दोन पानांचा झाला होता. दिनानाथरावांनी वाचून चष्मा काढला. "बाई, ही पाटी आहे, पोथी नाही. एवढं कोण वाचणार? मुद्द्याचं एक वाक्य ठेवा." मी म्हटलं, निदान चाकाच्या व्हॉल्व्हचं वाक्य राहू द्या. ते म्हणाले, ते त्यातच आलं. मग त्यांनीच लाल पेन्सिलीने सगळं खोडून एक ओळ ठेवली:

टाकीवरील उघाडी नीट सांभाळावी.

मला वाईट वाटलं, पण पुन्हा पुन्हा वाचल्यावर वाटलं की खरंच सगळं त्यात आहे. उघाडी सांभाळणं म्हणजे काय हे बाबांच्या घरात मला कोण शिकवणार? मी होकार दिला.

दुपारी रंगाऱ्याने पाटी टांगली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली, कारण वाचता येणारे दोघेच. वरचा व्हॉल्व्ह आणि त्याच्याखालचं चाक मिळून ही टाकीची उघाडी, असं बोट दाखवून सांगितलं. काका म्हणाले, "हां, आता कसा समाजला. इतके दिस सायेब काय फाडफाड करीत व्हते." अंबाजी म्हणाले, "बुधाजी, तुझा भाऊस बांधावर आनि तू टाकीवर. घरानाच उघाडीवाल्यांचा." काका छाती काढून उभे राहिले.

कुलूप अजून आलेलं नाही.

१९ एप्रिल

साहेब पेणला जाता जाता पाच मिनिटं येऊन गेले. पाटी वाचली, मान हलवली. "छान. सोपी भाषा आहे." कुलपाचं विचारायला ते विसरले. मी आठवण करणार होते, पण दिनानाथराव शेजारीच उभे होते. घरी आल्यापासून तेच मनात घोळतंय. एवढं बोलायला काय झालं होतं मला?

२ मे

आज घाबरले. पुनवेचं उधाण, त्यामुळे ओहोटीला खाडी फार खाली गेली आणि अमोनिया थंड करायला पाणी ओढणारा पाइप चिखलात अडकला. पाणी मिळेना म्हणून टाकीतला दाब चढू लागला. आम्हाला ऑफिसात एकदम फुस्स असा मोठा आवाज आला आणि वासाने श्वास कोंडला. धक्क्यावरचे मासळीवाले शिव्या देत पळाले. थोड्या वेळाने आवाज बंद झाला.

बाहेर येऊन बघते तर काका नाकाला ओला पंचा बांधून टाकीवरून खाली उतरत होते. वास सुटल्याबरोबर वर चढून त्यांनी चाक फिरवलं होतं. अंबाजींनी तोवर इंजिन बंद केलं. दिनानाथरावांनी सर्वांसमोर काकांच्या पाठीवर हात ठेवला. "याला म्हणतात प्रसंगावधान. नाहीतर आज सगळे मासळीवाले आपल्या नावाने बोंबलले असते." काका लाजले. काकी सोनूबाईंनी घरी गूळपाणी दिलं आणि सारखं विचारत राहिल्या, "मॅनेजर काय बोल्ला, परत सांग."

मलाही अभिमान वाटला. तरी काहीतरी टोचतंय. नुसता वास डोक्यात बसला असेल.

४ मे

टोचत होतं ते कळलं. आज इंग्रजी कागद काढून पुन्हा वाचला. व्हॉल्व्ह उडाला तर यंत्र बंद करा, बाहेर पडा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला जा. चाक कधीही फिरवू नका. माझ्या दोन पानांत हे होतं. पाटीवर नाही.

दुपारी काका भाकरी खात बसले होते तिथे गेले.

"काका, परवा तुम्ही चाक बंद का केलंत?"

"बंद नाय केला गो. उघाडी लावली."

"पण का?"

काकांनी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "दाबाचा काटा चढत व्हता. म्हंजे भरती. भरतीला उघाडी लावायची का नाय? तुझा बापूस काय करतो?"

मी म्हटलं, ही उघाडी उलटी आहे. भरती आतूनच येते. ती आली की उघडी पाहिजे.

"मंग तिला उघाडी कशाला बोल्लीस?"

अंबाजी हसायला लागले. "शिकलेल्या मानसांची उघाडी हाय ती, बुधाजी. भरतीला उघडते नि ओहोटीला लागते." सगळे हसले. काका हसले नाहीत. माझा चेहरा बघून त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. "खा. समाजलो मी. परत नाय लावनार."

मी म्हटलं, "काका, पाटी माझी आहे. चूक माझी आहे."

"पाटी मॅनेजरची," ते म्हणाले. "खा आधी."

५ मे

चाक उघडायला सांगा म्हणून दिनानाथरावांकडे गेले. ते म्हणाले, परवा उडाल्यापासून वरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, चाक उघडलं की वास येत राहतो. मासळीवाल्यांच्या तक्रारी, शाळेच्या मास्तरांची तक्रार. "मुंबईहून नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत राहू दे लावलेलं."

मी नियम वाचून दाखवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाई, तुम्ही फार विचार करता. दाब बघायला काटा आहे, काट्याकडे बघायला माणूस आहे." पाटीचं वाक्य बदलू का, असं विचारलं. "साहेबांनी पास केलेली पाटी कशी बदलणार?"

मी काकांना सांगितलं की तुम्हीच गुपचूप उघडा. ते म्हणाले, "मॅनेजरनी चाक काढून कपाटात ठेवलाय. फिरवनार कशानी?"

१० मे

इन्स्पेक्टरसाहेबांना पोस्टकार्ड टाकलं. नाव घातलं नाही, मग भ्याडपणा वाटला म्हणून दुसरं लिहून नाव घातलं. पत्ता बरोबर आहे की नाही कोण जाणे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅनेजर शिकलेला मानूस हाय. त्याला नसंल का कळत?" बाबांच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं. शिकलेली तर मीही आहे.

आता मी रोज जेवणाच्या सुट्टीत यंत्रघराच्या दारात उभी राहून काटा बघते. काट्याला कळत नाही, मी बघते आहे म्हणून. तरी बघते.

१५ मे

उत्तर नाही. नवा व्हॉल्व्ह नाही. अवसेचं उधाण लागलं. ओहोटीला पाइप उघडा पडणार. काकांना म्हटलं, दोन दिवस आजारी पडा. ते म्हणाले, "मी आजारी पडलो तं दुसरा कुनी उभा ऱ्हाईल तिथं. त्याचे घरी मानसां नाय काय?"

१८ मे

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारी पाइप पुन्हा चिखलात गेला. अंबाजी दोघांना घेऊन तो मोकळा करायला खाडीत उतरले. काका काट्याशी एकटे. मी दारात पोचले तेव्हा काटा लाल रेघेच्या पार गेला होता आणि काका इंजिन बंद करायला धावत होते. त्यांनी ते बंद केलं. पण टाकीला वाट नव्हती. टाकीच्या अंगाला पातळी बघायची जी काच आहे ती फुटली.

पांढरा धूर झाला. मी ओला पदर तोंडावर घेऊन आत गेले, पण दोन पावलांवर श्वास बंद झाला आणि मागे आले. मी मागे आले. काका आपणच भिंत चाचपत बाहेर आले. दोन्ही हात डोळ्यांवर होते. बर्फाच्या डब्यांत भरायचं गोडं पाणी होतं, ते मी तांब्याने त्यांच्या डोळ्यांवर ओतत राहिले. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारत होते, "अंबाजी आत तं नाय ना?"

ट्रकमध्ये घालून अलिबागला नेलं. डॉक्टर म्हणाले, पट्टी सोडल्यावर बघू. त्यांच्या 'बघू'तून मला जे कळायचं ते कळलं.

२१ मे

काकी खाटेजवळ बसून आहेत. मी काकांच्या पायाशी बसून सगळं पुन्हा बोलले, पाटी माझी, शब्द माझा. काका म्हणाले, "चौकशीला येनाऱ्या सायबाला म्हायती हाय का, पाटी कुनी लिवली ती?"

मी म्हटलं, "अजून नाही. पण मी सांगणार आहे."

दुपारी दिनानाथराव मोसंबी घेऊन आले. आम्हाला बाहेर थांबायला सांगून काकांशी एकटेच बोलले. निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "काळजी करू नका, म्हात्रेबाई, तुमचं काही होणार नाही." मी त्यांना इतकं कठोर समजत होते. माणसाला पश्चात्ताप होत असेल.

९ जून

आज चौकशी झाली. मुंबईहून दुसरे, मोठे अधिकारी आले. चाक टाकीवर जागच्या जागी बसवलेलं होतं. त्याला नवं कुलूपसुद्धा लटकत होतं.

काकांना हाताला धरून आणलं. पट्टी निघाली आहे, उपयोग नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, चाक कोणी बंद केलं?

"मी."

कोणाच्या सांगण्यावरून?

"कुनाच्या नाय. वास येत व्हता, म्हून मीच लावला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

पाटीचा अर्थ माहीत होता का?

"व्हता. उघडी ठेवायची, असा लिवलाय. पोरीनी वाचून दाखवला व्हता. चूक माजीच."

मी उभी राहिले. सगळं सांगितलं. मॅनेजरांनी चाक काढून कपाटात ठेवलं होतं, मी त्यांना नियम वाचून दाखवला होता, पोस्टकार्ड टाकलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, यातलं लेखी काही? पोस्टकार्ड त्यांच्या कचेरीत सापडलं नव्हतं. अंबाजींना विचारलं, ते म्हणाले, मी इंजिनाचा माणूस, टाकीवरचं मला माहीत नाही. ते जमिनीकडे बघत होते.

मग मी पाटीबद्दल सांगितलं. आमच्याकडे उघाडी म्हणजे भरतीला लावायची वस्तू. अधिकारी पुण्याकडचे असावेत. त्यांनी पाटी पुन्हा वाचली, सावकाश, एकेक शब्द. "उघाडी. म्हणजे उघडी राहणारी. नीट सांभाळावी. यात न समजण्यासारखं काय आहे? बाई, तुम्ही बरोबरच लिहिलंय. उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नका." आवाज मायेचा होता.

बाहेर आल्यावर काकांना विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? ते म्हणाले, "घरी चल. काकी वाट बघत आसंल." दिनानाथरावांनी त्यांना काय देऊ केलं असेल? काका असे विकले जाणारे नाहीत. मग का? मला काही कळत नाही.

२० जून

अहवाल आला. कंपनीचा दुसरा बर्फ कारखाना आगरदांड्याला उभा राहतोय. तिथेही तीच पाटी लावायची आहे, कारण अहवालात मजकुराची तारीफ आहे. दिनानाथरावांनी टाइप करायला दिलं. मी लिहिलं: टाकीवरचे चाक कधीही बंद करू नये. वास आला तर यंत्र बंद करून बाहेर पळावे. त्यांनी लाल पेन्सिलीने खोडलं आणि वर जुनं वाक्य लिहून परत पाठवलं. मी पुन्हा माझं टाइप केलं. पुन्हा खोडून आलं. तिसऱ्या वेळी ते स्वतः टेबलाशी आले. "मंजूर मजकूर आहे, बाई. उद्या काही झालं तर तुमचं वाक्य कोण निस्तरणार?"

जुनं टाइप करून दिलं. एकही चूक झाली नाही.

२४ जून

अहवालाच्या प्रतीवर काकांचा अंगठा हवा होता. 'वाचून दाखवले, मान्य आहे' म्हणून. दिनानाथरावांनी शाईची डबी देऊन मलाच पाठवलं. घरचंच माणूस आहे, म्हणाले.

काका ओटीवर बसले होते. काकी भिंतीला टेकून जाळं विणत होत्या, त्यांनी हात थांबवले नाहीत. मी म्हटलं, "काका, अंगठा देऊ नका. मी अलिबागला वकिलाकडे जाते. सगळं पुन्हा सांगते."

"आधी वाच तं," ते म्हणाले.

मी वाचलं. मला खोटं वाचता येत नाही. अपघातास कामगार बुधाजी म्हात्रे यांचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. व्यवस्थापनाने योग्य ती सूचना मराठीत लावली होती.

"तुजा नाव हाय काय कुठं?"

"शेवटी आहे. सूचनेचा मजकूर कुमारी कमळ धर्माजी म्हात्रे यांनी तयार केला असून तो स्पष्ट आणि समाधानकारक आहे."

"स्पष्ट म्हंजे?"

"म्हणजे कुणालाही समजेल असा."

काकांनी विचारलं, "आनि वाईट असा कायच नाय ना लिवला तुज्याबद्दल?"

"नाही."

"परत वाच तेवढाच."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. काकींचे हात थांबले होते. काका म्हणाले, "मंग झाला तर. कुठं लावायचा?" आणि अंगठा पुढे केला, माझ्या उजव्या खांद्याच्या दिशेने, जिथे कागद नव्हता.

मी म्हटलं, काका, नको. ते म्हणाले, "कमळे, मना दिसत नाय. तूच धर."

मी त्यांचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. नुसता काळा डाग पडला. मिठागरात काम करून त्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या आहेत. ठसा नीट नसेल तर कागद परत येतो, हे मला ऑफिसात शिकवलेलं आहे. मी त्यांचा अंगठा पदराने पुसला, पुन्हा थोडी शाई लावली, आणि या खेपेला जोर देऊन दाबला. ठसा उठला.